लेक्चर्स यूट्यूबवर येतातच, मग पंधरा दिवस जायचं कशाला?

पत्र:

ताई, मी ऐरोलीला राहते, पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, विषय क्वांटम इन्फर्मेशन थिअरी, म्हणजे क्वांटम कणांत माहिती साठवायची-पाठवायची कशी. आमच्या डिपार्टमेंटला या विषयात मी एकटीच. माझे सर मुळात कंडेन्स्ड मॅटरवाले, मदत करतात पण त्यांनाही हे नवीनच. मागच्या डिसेंबरमध्ये दहा दिवसांच्या एका विंटर स्कूलला गेले होते. पहिले दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवसापासून सगळं डोक्यावरून जायला लागलं. बाकीची पोरं धडाधड प्रश्न विचारत होती आणि मी नुसती वहीत उतरवून घेत होते. शेवटचे चार दिवस डोकं दुखतंय सांगून रूमवरच बसले, पोस्टर नेलं होतं ते ट्यूबमधून बाहेरसुद्धा काढलं नाही. घरी सांगितलं छान झालं म्हणून. आता बंगळुरूजवळ दोन आठवड्यांच्या समर स्कूलला सिलेक्शन झालंय, राहणं-खाणं त्यांचंच. सर म्हणाले तू ठरव. नेमकं त्याच दिवसांत डोंबिवलीला चुलत भावाचं लग्न आहे. आई म्हणते घरातलं लग्न सोडून या वयात शाळेत कसली जातेस, लेक्चर्स नंतर यूट्यूबवर टाकतातच ना, घरी बसून बघ. खरं सांगू का, मलाही आईचं पटायला लागलंय. जाऊ की नको?

एकटी क्युबिट, ऐरोली

उत्तर:

आधी उत्तर देऊन टाकते, मग निवांत बोलू. जा. लग्न सोडून जा, पूर्ण दोन आठवडे जा, आणि यावेळी पोस्टर बाहेर काढ.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि आईच्या बोलण्यापेक्षा मला ते "घरी सांगितलं छान झालं म्हणून" जास्त टोचलं. डिसेंबरपासून हे तू एकटीच पोटात घेऊन फिरतेयस, आणि म्हणून आता लग्न मध्ये आलंय तर आतून जरा बरंच वाटतंय, हो की नाही? न जायला एक छान घरगुती कारण मिळालं, ज्यावर कोणी बोट ठेवणार नाही. मीही धरून ठेवलं असतं ते, खोटं कशाला बोलू. पण मग हे आईचं पटणं नाहीये गं, आईच्या पदराआड लपणं आहे, आणि त्या माऊलीला बिचारीला माहीतही नाही की आपण कशाला हो म्हणतोय.

मी या विषयाच्या शेजारच्या गल्लीतली. क्वांटम ऑप्टिक्समध्ये पीएचडी केली, आता ठाण्यात कॉलेजला बीएस्सीच्या पोरांना शिकवते. माझ्या पहिल्या स्कूलमध्ये मी पळून नाही गेले, पण जे केलं ते फार वेगळं नव्हतं: तीन वह्या भरल्या. तीन रंगांची पेनं, मार्जिन, सगळं. त्या वह्या आजही माळ्यावर आहेत, परत एकदाही उघडलेल्या नाहीत, दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईला खाली येतात आणि पुसून वर जातात. त्या अख्ख्या स्कूलमधलं मला आजही जसंच्या तसं आठवतं ते म्हणजे मेसमधल्या दह्याच्या भांड्यापाशी झालेलं एक बोलणं. पुढे नांदेडकडचा एक मुलगा उभा होता, कम्प्युटर सायन्सचा, त्याने घाबरत घाबरत मला विचारलं की ते पोलरायझर पोलरायझर म्हणतात म्हणजे नक्की काय असतं हो, दिसतं कसं. मी हसणारच होते, कारण मला ते बारावीपासून माहीत, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून थांबले आणि सांगितलं. मग तोंडातून निघून गेलं की तुला ते पार्शल ट्रेस कळलं का, कारण मला नाही कळलं. तो म्हणाला अगं सोपंय, आणि आमटी गार होईपर्यंत कागदावर लिहून दाखवलं. दोन कणांची मिळून स्टेट, म्हणजे अवस्था, पूर्ण माहिती आहे, पण एक कण तुझ्या हातात नाही, तर त्याच्या सगळ्या शक्यतांवरून बेरीज मारून टाकायची, उरेल ते तुझ्या वाट्याचं. बेल स्टेटला, म्हणजे दोन कण एकमेकांत पूर्ण गुंतलेले असतात तिला, हे करून बघ म्हणाला. केलं, तर उरलं काय, निव्वळ नाणेफेक. म्हणजे जोडप्याबद्दल सगळं माहीत पण नवऱ्याला एकट्याला गाठून विचारलं तर छापा का काटा! मी तिथेच हसत सुटले. दोन आठवडे फळ्यावर चाललेलं ते गणित मला त्या कागदावर कळलं.

हे का सांगतेय, तर डिसेंबरात तिसऱ्या दिवशी काय झालं असणार याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे. बहुतेक स्कूल्सचं टाइमटेबल असंच असतं की पहिले दोन दिवस सगळ्यांना एका पानावर आणायला डेन्सिटी मॅट्रिक्स, एन्टँगलमेंट, मेजरमेंट वगैरे चालतं, ते तुला येतं, आणि मग वक्ते आपापल्या घराकडे वळतात. कारण क्वांटम इन्फर्मेशन म्हणजे एक घर नाहीच, चार बिऱ्हाडांचं सामाईक अंगण आहे. फिजिक्सवाले, कम्प्युटर सायन्सवाले, गणित आणि इन्फर्मेशन थिअरीवाले, आणि लॅबमध्ये खरोखरचे क्युबिट (क्वांटम कम्प्युटरचे बिट) गार करत बसणारे. चौघांची भाषा वेगळी. एक जण सिग्मा-एक्स लिहितो, दुसरा त्यालाच नुसतं एक्स म्हणतो. एकाचा लॉग दोनच्या पायाचा, तो बिट मोजतो, दुसऱ्याचा नॅचरल लॉग. किस्किटमध्ये (आयबीएमचं क्वांटम प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर) पहिला क्युबिट उजवीकडून मोजतात आणि पुस्तकात डावीकडून, त्यामुळे तोच सीनॉट गेट पण मॅट्रिक्स बघितलं तर वेगळंच दिसतं, आणि आपल्याला वाटतं आपलंच डोकं फिरलंय. यात जो धडाधड प्रश्न विचारतो ना तो त्याच्या अंगणातल्या कोपऱ्यात उभा असतो. यावेळी एक काम कर, वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव की कोणत्या लेक्चरला कोण बोललं. कॉम्प्लेक्सिटीच्या तासाला फाडफाड बोलणारा मुलगा लॅबवाल्यांच्या आयन ट्रॅपच्या तासाला पेनाचं टोपण चावत बसलेला दिसेल. मी पैज लावते, मामलेदारच्या मिसळीची.

आणि हे अंगण असं मिश्र आहे म्हणूनच हा विषय जन्माला आला, हे तुला सरांनी सांगितलंय का माहीत नाही. बीबी८४ तू शिकलीच असशील, क्वांटम क्रिप्टोग्राफीचा, म्हणजे क्वांटम कणांनी गुपित राखायचा, पहिला प्रोटोकॉल, बेनेट आणि ब्रासार्ड यांचा. ते भेटले कसे ते ऐक. १९७९ चा ऑक्टोबर, पोर्तो रिकोमधल्या सॅन हुआनला कम्प्युटर सायन्सची कॉन्फरन्स, ब्रासार्ड समुद्रात पोहत होता आणि एक अनोळखी माणूस पोहत पोहत जवळ आला आणि ओळख ना पाळख, बनावट करता येणार नाहीत अशा क्वांटम नोटांबद्दल सांगायला लागला. तो बेनेट. म्हणजे बघ, शिक्षणाने केमिस्ट असलेला माणूस, एका कम्प्युटर सायन्सवाल्याला, वीसनर नावाच्या फिजिक्सवाल्याची कल्पना सांगतोय जी तोपर्यंत छापूनही आलेली नव्हती (वीसनरने ती १९७० च्या आसपास लिहिली होती, छापून आली १९८३ मध्ये, म्हणजे तुझा पेपर रखडला म्हणून रडू नकोस). आणि त्यातून पुढे झालेला तो पेपर १९८४ च्या डिसेंबरमध्ये मांडला कुठे, तर बंगलोरला! अमेरिकेत नाही, युरोपात नाही, आपल्या बंगलोरला एका कॉन्फरन्समध्ये. आणि तू त्याच बंगळुरूला जायचं की नाही हे मला विचारतेयस.

आता यूट्यूबचं. आईचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. लेक्चर खरंच येतात, बंगळुरूच्या आयसीटीएस या संशोधन संस्थेच्या चॅनलवर कितीतरी जुनी स्कूल्स पूर्णच्या पूर्ण पडलेली आहेत, थांबवून मागे जाऊन बघता येतात, आणि खरं सांगायचं तर नव्वद मिनिटांचं लेक्चर समोर बसून ऐकण्यापेक्षा घरी चहा घेत तीन तुकड्यांत बघितलेलं जास्त कळतं. किस्किटचं समर स्कूल २०२० पासून ऑनलाइनच चालतं आणि कोडिंग शिकायला मस्त आहे, ते पण कर. पण व्हिडिओत काय नसतं ते बघ. दुपारचे ट्यूटोरियल नसतात, जिथे चार जण एका गणिताला लटकलेले असतात. लेक्चर संपल्यावर फळ्यापाशी जी सात-आठ डोकी जमतात आणि वक्ता खरं काय ते बोलतो, की हे थिअरम मी सकाळी सरळ सांगितलं पण ही पायरी मला स्वतःला अजून आवडत नाही, ते नसतं, कारण कॅमेरावाला तोवर जेवायला गेलेला असतो. आणि तुझा प्रॉब्लेम लेक्चर मिळत नाहीत हा नाहीचये ना. डिपार्टमेंटला बोलायला माणूस नाही हा आहे. तो प्रॉब्लेम ऐरोलीच्या बेडरूममध्ये दार लावून व्हिडिओ बघून सुटेल की वाढेल, तूच सांग.

म्हणून मी म्हणते उलटं कर, यूट्यूब आधी वापर. वक्त्यांची नावं आलीच असतील, त्यांची मागच्या वर्षांची लेक्चर्स शोध आणि बघून घे. म्हणजे त्यांच्या खुणा, त्यांची लिहायची पद्धत, ओळखीची होईल. तिथे गेल्यावर पहिल्यांदाच ऐकतेय ही भीतीच राहणार नाही.

आणि त्यासोबत तीन आठवडे हाताने, कागदावर, काही मोजकी गणितं. सगळं जाडं पुस्तक काढून बसू नकोस, ते कोणाचंच होत नाही. वर सांगितलेला पार्शल ट्रेस. श्मिट डिकम्पोझिशन दोन क्युबिटचं. मिक्स्ड स्टेट असलेल्या एका क्युबिटचं प्युरिफिकेशन, स्वतः करून. डीपोलरायझिंग चॅनलचे क्राउस ऑपरेटर लिहून ब्लॉख स्फिअर कसा आक्रसतो ते बघणं. टेलिपोर्टेशन पूर्ण, ओळ न ओळ. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तीन क्युबिटचा बिट-फ्लिप कोड, कारण मला दाट संशय आहे की डिसेंबरात तुझी गाडी एरर करेक्शनपाशी, म्हणजे क्युबिटच्या चुका पकडून दुरुस्त करण्यापाशी, रुळावरून उतरली, बऱ्याच जणांची तिथेच उतरते. स्टॅबिलायझर हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो, पण आत काय आहे बघ: तीन क्युबिट आहेत, तू फक्त दोनच गोष्टी विचारतेस, पहिला आणि दुसरा सारखे आहेत का, दुसरा आणि तिसरा सारखे आहेत का. स्वतः ते शून्य आहेत की एक हे विचारायचंच नाही, ते विचारलं की सुपरपोझिशन, म्हणजे शून्य आणि एक दोन्ही एकदम असणं, गेली. दोन प्रश्नांची मिळून चार उत्तरं होतात, एक म्हणजे सगळं ठीक, आणि उरलेल्या तीनमधून कोणता क्युबिट उलटला ते बरोबर कळतं. झालं! पुढे सरफेस कोडपर्यंत जे जे सांगतात ते याचंच मोठं मोठं होत गेलेलं रूप आहे. हे एकदा घरी झेड-झेड-आय आणि आय-झेड-झेड (तेच दोन प्रश्न, गणिताच्या भाषेत) लिहून केलंस की तिथे फळा भरला तरी तुझा धागा सुटणार नाही, आणि सुटलाच तर कुठे सुटला ते तरी कळेल, जे मागच्या वेळी कळलं नव्हतं.

प्रश्न विचारण्याबद्दल. मला ते "कुठलाच प्रश्न मूर्ख नसतो" वगैरे पटत नाही, असतात मूर्ख प्रश्न, मी विचारलेत. पण मोठ्या हॉलमध्ये हात वर करून विचारणं हा एक स्वभाव आहे, तो सगळ्यांचा नसतो आणि त्यावरून कोणाला किती येतं हे अजिबात ठरत नाही. तुला हात वर करवत नसेल तर नको करूस. फक्त लेक्चर संपलं की चहाकडे पळायच्या आधी फळ्याकडे जा, आणि अगदी छोटं विचार: हा जो रो (डेन्सिटी मॅट्रिक्स) लिहिलाय तो दोघांचा मिळून की एकटीच्या हातातला? इथे लॉग कुठल्या पायाचा? अशा प्रश्नाला उत्तर एका ओळीचं असतं, सांगणाऱ्याला त्रास नाही, तुला उभं राहायला जागा मिळते, आणि तिसऱ्या दिवशी तेच सर तुला जेवताना ओळखतात. ट्यूटोरियलला मात्र मुद्दाम तुझ्या जातीच्या लोकांत बसू नकोस, म्हणजे फिजिक्सच्या. कम्प्युटर सायन्सवाला शोध. त्याला तुझी गरज आहे, हे लक्षात ठेव, त्याला हॅमिल्टोनियन बघून घाम फुटतो.

मुली कमी असतात अशा ठिकाणी, तेही बोलून टाकते. रूममेट जी मिळेल तिच्याशी पहिल्याच रात्री मागच्या डिसेंबरचं सांगून टाक. घरी सांगता आलं नाही ना, तिला सांग. बहुतेक ती म्हणेल माझंही तेच.

पोस्टरवर मी थोडं रागावणार आहे. लेक्चर कळलं नाही यात तुझी चूक काहीच नाही, रूमवर झोपून राहिलीस तेही समजते मी, पण पोस्टर तुझं स्वतःचं काम होतं, त्यात तरी तुला जगात सगळ्यात जास्त कळत होतं. पोस्टर म्हणजे निकाल लागल्याची जाहिरात असं वाटतं तुम्हाला, म्हणून अर्धवट काम असलं की लाज वाटते. उलट अर्धवट कामाचं पोस्टर सगळ्यात चांगलं, मोठ्या अक्षरात एक चौकोन कर, "इथे अडकले आहे" म्हणून. लोक तिथे थांबतात, कारण पूर्ण झालेल्या पोस्टरपुढे "छान आहे" शिवाय बोलायला काय असतं? आणि ते ट्यूबबीब सोड, ट्रेनच्या वरच्या बर्थवर ती ट्यूब म्हणजे डोक्याला ताप. स्टेशनबाहेरच्या फ्लेक्सवाल्याकडे जा, जो दादांच्या वाढदिवसाचे बॅनर छापतो ना तोच, त्याला ए-झीरो उभं सांग, ८४ बाय ११९ सेंटीमीटर, कापडासारखं घडी करून सॅकमध्ये जातं. माझ्या एका विद्यार्थिनीला फ्लेक्सवाल्याने खूप वेळ पीडीएफ बघून विचारलं होतं, "मॅडम, यात साहेबांचा फोटो कुठे टाकायचा?"

सर "तू ठरव" म्हणाले याचा अर्थ त्यांना फरक पडत नाही असा लावू नकोस. या विषयात ते तुझ्याच बाकावर बसलेत. त्यांना जायच्या आधी सांग की परत आल्यावर मी ग्रुपला दोन सेमिनार देईन, एरर करेक्शनवर. तारीख ठरवून टाक. परत येऊन दुसऱ्याला शिकवायचंय हे माहीत असलं की कान वेगळे होतात, सगळं उतरवून घ्यायची हाव आपोआप जाते, माझ्या त्या तीन वह्यांसारखं होत नाही.

"या वयात शाळेत" यावर आईला सांगायला एक गोष्ट देते. फ्रान्समध्ये आल्प्सच्या डोंगरात ले झूश म्हणून गाव आहे (इंग्रजीत वाचलं तर लेस हाउचेस वाटतं, मी कित्येक वर्षं तसंच म्हणायचे). सेसिल द विट-मोरेत नावाच्या बाईंनी १९५१ मध्ये तिथे फिजिक्सचं समर स्कूल सुरू केलं, स्वतः तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या, युद्धानंतर फ्रान्समध्ये नवं फिजिक्स शिकवायला कोणी नाही म्हणून. सुरुवातीला तर आठ-आठ आठवडे चालायचं ते. पुढे नोबेल मिळालेले कोहेन-तानुजी पोरसवदा असताना तिथे शिकायला बसले होते. ते स्कूल अजून चालू आहे. म्हणजे ही शाळा लहान मुलांची नाही आणि कालपरवाची टूमही नाही.

टूम दुसरीकडे आहे, त्यापासून मात्र सावध राहा. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये नॅशनल क्वांटम मिशन मंजूर केलं, ६,००३.६५ कोटींचं, २०३०-३१ पर्यंतचं, चांगलंच झालं, पण तेव्हापासून जिकडे तिकडे दोन दिवसांची क्वांटम बूटकॅम्प्स उगवली आहेत, फी घ्यायची, बॅनरसमोर फोटो, संध्याकाळी सर्टिफिकेट. माझ्याकडे एक मुलगा अशी पाच सर्टिफिकेट घेऊन आला होता आणि त्याला दोन क्युबिटची स्टेट लिहिता येत नव्हती. चांगलं स्कूल ओळखायचं कसं, तर बघ की एकेका वक्त्याला किती तास दिलेत. एका विषयाला चार-पाच लेक्चर्स आणि वर ट्यूटोरियल असेल तर शिकवायचंय त्यांना. दिवसाला आठ वक्ते असतील तर जेवण चांगलं असेल एवढंच. तुझं जे आहे ते राहणं-खाणं देतायत, निवड करून घेतलंय, पहिल्या प्रकारातलं दिसतंय. अशी वर्षाला एक बस झाली, जास्त गेलीस तर थिसिस लिहिणार कधी. तिकीट आणि पावत्या मात्र सगळ्या जपून ठेव आणि मोबाइलवर फोटोही काढून ठेव, प्रवासखर्चाचा क्लेम करताना नेमका जातानाचाच कागद सापडत नाही.

परत आलीस की एकटं पडायला फार वेळ लागत नाही हेही सांगते, दोन आठवड्यांची ऊब महिन्याभरात उतरते. म्हणून तिथेच मुंबई-पुण्याकडची दोन-तीन पोरं हेरून ठेव. पवईच्या आयआयटीला त्याच क्वांटम मिशनचा सेन्सिंगचा, म्हणजे अतिसूक्ष्म मोजमापाचा, हब आहे, ऐरोलीचा पूल ओलांडलास की मुलुंड, तिथून पवई किती लांब. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटांच्या मूलभूत संशोधन संस्थेत) तर सुपरकंडक्टिंग क्युबिट बनवतात, २०२४ मध्ये डीआरडीओबरोबर मिळून सहा क्युबिटचा प्रोसेसर चालवून दाखवला त्यांनी. म्हणजे तुझ्या विषयातली माणसं लोकलच्या अंतरावर आहेत, फक्त तू त्यांना ओळखत नाहीस. महिन्यातून एक रविवार, ठाण्यात, चौघं जण, एक पेपर, एक फळा. जागा नसेल तर माझ्या कॉलेजची एक खोली मी प्रिन्सिपलच्या मागे लागून मिळवून देईन, पंखा आवाज करतो पण चालतो.

राहिलं लग्न. मधले दोन दिवस येऊन जाते असला विचार मनात आला असेल तर काढून टाक. बऱ्याच ठिकाणी ते चालत नाही, आणि चाललं तरी अर्धा वेळ प्रवासात जातो आणि परत गेल्यावर तू पुन्हा तिसऱ्या दिवसावर असशील, तेच जे डिसेंबरात झालं. शिवाय लोक एकमेकांशी खरं बोलायला लागतात ते दुसऱ्या आठवड्यात. घरच्यांना राग येतो तो बहुतेक वेळा न येण्याचा नसतो, शेवटच्या क्षणी आणि तिसऱ्याकडून कळण्याचा असतो. तर भावाचं केळवण तुमच्याकडे कर, स्वयंपाकाला स्वतः उभी राहा, पुरणपोळी जमत नसेल तर नौपाड्यातून आण पण वाढ तू. काय द्यायचं असेल ते तेव्हाच दे. परत आलीस की नव्या वहिनीला जेवायला बोलाव, लग्नाच्या गर्दीत तिला तुझं तोंडही लक्षात राहिलं नसतं, तेव्हा निवांत बोलाल.

आणि काकूंना फोन तू कर, आईला करायला लावू नकोस. आज रात्रीच कर, पत्रिका वाटायला निघायच्या आधी. "काकू, मी लग्नाला नाहीये, माझं हे हे आहे, मला वाईट वाटतंय" एवढंच सांग, क्वांटम समजावत बसू नकोस. आणि फोन स्पीकरवर ठेवू नकोस, आई मधेच बोलेल.